कावळ्याचा डोळा दिसला पाहिजे

मागच्या अंकात आमच्या परसातल्या दयाळ पक्ष्याचा फोटो आणि त्याखाली माझी चार ओळींची टीप छापून आली. तेव्हापासून पक्ष्यांच्या फोटोंबद्दल विचारणारी बरीच पत्रं आणि दोन तक्रारी आल्या आहेत. तक्रारी शेजारच्यांच्या आहेत, त्या इथे घेत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाईत माझा फोटो स्टुडिओ होता, ३४ वर्षं. लग्नं, मुंजी, बारशी, दहावीच्या फॉर्मचे फोटो. पक्ष्यांचं शास्त्र मी कुठे शिकलेलो नाही. स्टुडिओ बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात. परसात शेवगा, पपई, कढीपत्ता होता, न्हाणीचं पाणी जातं तिथे केळी होत्या. गिऱ्हाईक आपोआप येऊ लागलं. फरक एवढाच, की "हनुवटी जरा खाली" म्हटलेलं हे गिऱ्हाईक ऐकत नाही.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. समोर सोसायटीचा मोठा आंबा आहे. त्यावर तांबट, पोपट येतात, मध्ये एकदा धनेशही आला होता. पण बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे. मुलीने दिलेल्या कॅमेऱ्याला ७०-३०० ची लेन्स आहे. प्रत्येक फोटोत पक्ष्यावर जाळीचे चौकोन उमटतात. थोडी जाळी कापली तर? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : कापू नका. आठवडाभरात कबुतरं तुमच्या वॉशिंग मशीनमागे अंडी घालतील आणि फोटो राहतील बाजूला, तुम्ही बाल्कनी धुत बसाल.

जाळी न कापता नाहीशी करता येते. तुम्ही बहुतेक आत खुर्चीवर बसून फोटो काढत असणार, म्हणजे जाळी तुमच्यापासून दोन-तीन हात पुढे राहते. उठा आणि लेन्सचं तोंड जाळीला टेकवा. अगदी टेकवा. झूम पूर्ण ३०० वर न्या आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, जेवढं उघडतं तेवढं उघडं ठेवा, तुमच्या लेन्सवर ते ५.६ किंवा ६.३ असेल (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). इतक्या जवळचा दोरा लेन्सला धड दिसतच नाही. त्याची पुसट छाया सगळ्या फोटोवर पातळ पसरून जाते आणि डोळ्याला कळत नाही. पण ॲपर्चर ११ वर नेलंत की चौकोन पुन्हा हजर.

यात दोन भानगडी होतात. लेन्ससमोरच्या दोऱ्यांवर थेट ऊन पडलं तर फोटो पिठूळ, धुरकट येतो. तेवढ्या भागावर बाहेरून सावली पाहिजे. माझी पुतणी पुण्यात अशाच घरात राहते, तिने जाळीच्या वरच्या अंगाला एक जुना काळा टॉवेल चिमट्यांनी लावून ठेवलाय. दुसरी भानगड फोकसची. कॅमेरा आपला जाळीवरच अडकून बसतो. सगळे फोकसबिंदू चालू ठेवू नका, मधला एकच ठेवा आणि तो एखाद्या चौकोनाच्या बरोबर मध्ये येईल असा कॅमेरा धरा. तरीही अडकला तर आधी आंब्याच्या खोडावर फोकस घ्या, मग पक्ष्यावर या. खिडकीच्या बंद काचेतूनही हेच करायचं. लेन्स काचेला टेकवायची आणि भोवती काळा कपडा धरायचा, म्हणजे तुमच्याच घरातली ट्यूबलाइट फोटोत येणार नाही.

तांबटाबद्दल एक सांगतो, कारण चौथा मजला म्हणजे त्याच्या बैठकीची उंची. आम्ही जमिनीवरचे लोक त्याचं फक्त पोट बघतो. सकाळच्या पहिल्या उन्हात तो एखाद्या निष्पर्ण शेंड्यावर येऊन बसतो आणि "टुक् टुक्" सुरू करतो. तेव्हा चोच बंद असते! माझा विश्वास नव्हता. मी एका दमात वीस-बावीस फोटो काढून बघितले, एकाही फोटोत चोच उघडी नाही. दर ठोक्याला गळ्याजवळची कातडी फुगते आणि बसते. ठोके देताना तो मानही इकडेतिकडे वळवतो, म्हणून आवाज कुठून येतो ते कळत नाही. तुम्ही त्याच्या बरोबरीच्या उंचीवर आहात. तो फुगलेला गळा मिळाला तर मला पाठवा.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. बाबांच्या कॅमेऱ्याने कावळ्याचे फोटो काढले. कावळा नुसता काळा डाग येतो, डोळासुद्धा दिसत नाही. आणि शेतातला बगळा नुसता पांढरा येतो, त्याची पिसं दिसत नाहीत. कॅमेरा बिघडला आहे का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : बाळा, कॅमेरा ठणठणीत आहे, फक्त अडाणी आहे. या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा आहे, कारण याच प्रश्नाने माझी निम्मी हयात खाल्ली.

कॅमेऱ्याला कावळा कळत नाही, बगळा कळत नाही. त्याला फक्त उजेड मोजता येतो. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करड्या रंगाइतकं उजळ असणार असं तो धरून चालतो आणि त्या हिशेबाने फोटो काढतो. आता तुझा कावळा बसलाय विजेच्या तारेवर, मागे पांढरंफटक आकाश. कॅमेरा म्हणतो, बाप रे, केवढा उजेड! आणि सगळंच अंधारं करतो. आकाश करडं होतं आणि कावळा कोळसा. बगळ्याचं उलट. मागे ओला काळा चिखल, मध्ये एवढासा बगळा. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं उजळ करतो आणि बगळ्याची पिसं त्यात धुऊन निघतात.

आमच्या धंद्यात हे रोजचं होतं. नवरदेव काळ्या सुटात, मागे पांढऱ्या फुलांचं डेकोरेशन, की नवरदेवाचं तोंड काळं. पहिल्या वर्षी एका लग्नाची दोन अख्खी रिळं, म्हणजे ७२ फोटो, मी असे घालवले. मुलीच्या वडिलांनी पैसे दिले, पण ज्या नजरेने दिले ती अजून आठवते. रीळ धुऊन येईपर्यंत चूक कळायचीच नाही. तुझ्या कॅमेऱ्यात ती लगेच पडद्यावर दिसते, हे तुझं भाग्य.

कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेलं एक बटण असतं. आकाशापुढचा कावळा असेल तर ते अधिककडे ने, १ पासून सुरू कर, वाटलं तर १.७ पर्यंत जा. आकाश पांढरंधोप होईल, होऊ दे, आपण आकाशाचा फोटो काढत नाही आहोत. चिखलातल्या बगळ्याला उणेकडे ने, ०.७ किंवा १. आता गंमत बघ. तोच कावळा तुझ्या अंगणात अगदी जवळ आला आणि फोटोभर कावळाच कावळा झाला, तर उणेकडे जावं लागेल. कारण आता कॅमेऱ्याला सगळीकडे काळंच दिसतंय आणि तो कावळ्याला करडा करून ठेवेल. म्हणजे कावळ्यासाठी अमुक आकडा असं पाठ करायचं नाही. कावळ्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं.

आणि कावळा नुसता काळा नसतो. आपल्या गावकावळ्याची मान राखाडी असते. सकाळी आठच्या सुमाराला सूर्य तुझ्या पाठीशी ठेवून बघ, पंखावर निळी-जांभळी झाक दिसेल, आणि डोळ्यात उजेडाचा एक ठिपका. तो ठिपका आला की फोटोतला पक्षी जिवंत वाटतो, नाही आला तर पेंढा भरल्यासारखा. माणसांच्या फोटोतही तेच आहे. दुपारी बारानंतर कॅमेरा कपाटात ठेव आणि अभ्यासाला बस.

प्रश्न : आमच्या पडवीतल्या मनीप्लँटच्या वेलात शिपाई बुलबुलाने घरटं केलं आहे. तीन अंडी आहेत. नातू अमेरिकेत असतो, त्याला रोज एक फोटो पाठवायचं कबूल केलं आहे. समोरची दोन-तीन पानं आड येतात. ती काढली तर चालेल ना? (एक आजी, चिपळूण)

उत्तर : नाही चालणार. एकही पान काढू नका. कारण सांगतो, सांगायला जीभ रेटत नाही तरी सांगतो.

स्टुडिओ बंद केल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या तगरीत बुलबुलाने घरटं केलं. पिल्लं झाली, दोन. घरट्यावर सावली पडायची आणि मला उजेड हवा होता. चांगला फोटोग्राफर उजेडाची सोय करतोच, एवढा माझा तोरा. मी पानं तोडलीसुद्धा नाहीत, एक फांदी नुसती सुतळीने मागे ओढून बांधली. त्या दिवशी फोटो फार सुंदर आले. दोन्ही चोची उघड्या, आत केशरी. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने हाक मारली. तगरीवर भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला की आपण शुभ मानतो, माझी आई तर हात जोडायची. मी धावलो तोवर एक पिल्लू त्याच्या चोचीत होतं आणि दुसरं घरट्यात नव्हतं. बुलबुलाची जोडी संध्याकाळपर्यंत तारेवर ओरडत होती. सुतळी मी अंधार पडल्यावर सोडली.

भारद्वाजाचा दोष नाही, त्याचीही पिल्लं असतात. ती फांदी म्हणजे त्या घराचं दार होतं आणि ते मी उघडलं. ते फोटो मी ठेवलेले नाहीत.

तेव्हा आजी (माझं वय तुमच्याएवढंच असेल, पण तुम्ही सही तशी केली आहे म्हणून म्हणतो), घरट्याजवळ रोज जाऊन उभं राहिलं तरी नुकसान होतं. तुम्ही कुठे बघता ते कावळा बघत असतो. नर-मादी वारंवार उठली तर अंडी गार पडतात किंवा कोकणातल्या उन्हात तापतात. फ्लॅश तर मुळीच नको. पानं दूर करणं हे तुम्हाला छोटं काम वाटेल, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी आणि घरटी छेडणंही शिकारीच्या व्याख्येत घातलं आहे. पक्ष्यांच्या फोटोंच्या अनेक स्पर्धा घरट्याचा फोटो घेतही नाहीत.

नातवाला मात्र शब्द दिलाय, तो पाळायला हवा. असं करा. घरटं सोडून द्या आणि त्यांचा थांबा शोधा. बुलबुल अळी घेऊन थेट घरट्यात शिरत नाही. आधी एका ठरलेल्या जागी बसतो, इकडेतिकडे बघतो, मग आत जातो. कपडे वाळत घालायची दोरी असेल, गेटची कड असेल, जास्वंदीची फांदी असेल. दोन दिवस घरातून, खिडकीच्या पडद्याआडून नुसतं बघा, जागा सापडेल. मग त्या जागेवर आतूनच मोबाइल रोखून बसा. लाल गाल, डोक्यावर तुरा आणि चोचीत लोंबणारी अळी, हा फोटो उघड्या चोचींच्या फोटोपेक्षा कितीतरी चांगला.

नातवाला अंडी मोजायला लावू नका, दिवस मोजायला लावा. अंडी उबायला साधारण १२ ते १४ दिवस, पिल्लं उडायला पुढे जवळजवळ तेवढेच. अळ्यांच्या खेपा सुरू झाल्या की पिल्लं निघाली असं समजायचं, ते त्यालाच फोटोवरून ओळखू द्या. सगळी उडून गेली, जोडी यायची थांबली, की मग रिकाम्या घरट्याचे हवे तेवढे फोटो काढा, आतून बाहेरून.

प्रश्न : गॅलरीत बाजरी आणि तांदूळ ठेवतो. फोटोसाठी चिमण्या याव्यात म्हणून. फक्त कबुतरं येतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येणारच. शहरात उघड्यावर धान्य ठेवणं म्हणजे कबुतरांना पत्रिका पाठवणं. मुंबईत कबुतरखान्यांवरून काय रामायण झालं ते २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी वाचलं. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांना वाईट, तेव्हा दाणे आजच बंद करा आणि पाणी ठेवा. पाण्यावर सगळेच येतात, किडे खाणारेही, मध पिणारेही.

कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी घ्या. पाणी दोन बोटं खोल, जास्त नको, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला आणि थाळी घासा, नाहीतर डासांची शेती होईल. तुमच्याकडे पाण्यावरही आधी कबुतरंच येतील, पण दाणा नसेल तर ती मुक्काम करत नाहीत. आमच्याकडे पहिले अकरा दिवस काहीच आलं नाही. बाराव्या दिवशी साळुंकी आली, अंघोळ करून सगळं पाणी बाहेर उडवून गेली. मग रीघ लागली.

आता फोटोचं. पक्षी सरळ थाळीवर उतरत नाही, आधी बाजूला टेकतो. तेव्हा थाळीशेजारी एक वाळकी फांदी उभी बांधा. मी डाळिंबाची बांधली आहे. ती अशी बांधा, की मागे दहा-बारा फूट काही नसेल, किंवा असलंच तर एकरंगी असेल. स्टुडिओत माझ्याकडे रंगवलेले पडदे होते, एकावर ताजमहाल, एकावर धबधबा. इथे पडदा शेजाऱ्यांचा असतो, काळी पाण्याची टाकी नाहीतर वाळत घातलेला चट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. नाचण पक्ष्याच्या माझ्या एका फार चांगल्या फोटोत मागे एक बनियन आहे. त्यावर उपाय म्हणून मी बायकोची जुनी पोपटी साडी लांबवरच्या तारेवर टाकतो. फोटो बघून लोक विचारतात, कुठलं जंगल?

प्रश्न : एक काळा-पांढरा पक्षी रोज सकाळी माझ्या स्कूटरच्या आरशावर चोची मारतो. आरसा घाण करून ठेवतो. फोटो मात्र छान मिळतात. त्याला काय हवं असतं? (एक वाचक, अकोला)

उत्तर : भांडण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नर दयाळ आहे. विणीच्या दिवसांत त्याला आरशात दुसरा नर दिसतो आणि तो काही केल्या पळून जात नाही. बिचारा रोज दमतो. आरशावर जुना पायमोजा चढवून ठेवा. फोटो पुरेसे झाले.

प्रश्न : सोबतच्या फोटोतला पक्षी पिवळसर आहे, गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एकच काळी रेघ. पुस्तकात सापडत नाही. नवी जात सापडली असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा आनंद घालवायचा म्हणजे जिवावर येतं. हा जांभळा शिंजीर, नरच. वीण आटोपली की तो चमचमता निळा-जांभळा पोशाख उतरवतो आणि साधारण पावसाळा संपल्यापासून काही महिने मादीसारखा फिक्या पिवळ्या कपड्यांत फिरतो. गळ्यावरची काळी पट्टी तेवढी उरते. वराचा शेरवानीतला फोटो पाहिलेल्या माणसाने त्याला सोमवारी ऑफिसला जाताना ओळखलं नाही, तसं झालं. महिन्याभराने त्याच झाडावर पुन्हा काढा, मग पुन्हा. अर्धा निळा, अर्धा पिवळा असा चट्ट्यापट्ट्यांचा फोटो मिळेल, तो मला अजून मिळालेला नाही.

असे फोटो खराब म्हणून पुसून टाकू नका. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतालच्या पक्ष्यांची मोजणी होते, २०१३ पासून भारतातही होते. घरातून पंधरा मिनिटं बघितलेल्या पक्ष्यांची यादीही चालते. फोटो असला की ओळख पटवता येते. मी तर स्टुडिओच्या उरलेल्या ऑर्डर बुकात लिहितो. जिथे "पासपोर्ट, ८ प्रती" लिहायचो तिथे आता "७.४० शिंजीर, हॅमेलियावर" असं लिहितो (हॅमेलिया म्हणजे आमचं केशरी फुलांचं झुडूप). महिनाभर लिहिलंत की कळतं, शिंजीर साडेसातच्या पुढेमागे येतो, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फेरी मारतो. मग झाडामागून झाडामागे पळावं लागत नाही. चहा घेऊन हॅमेलियासमोर बसायचं.

प्रश्न : सुरुवात करायला कुठला कॅमेरा घ्यावा? (अकरा पत्रांत हाच प्रश्न आहे.)

उत्तर : आहे तो. खरंच सांगतो. मोबाइल असेल तर तो पाण्याच्या थाळीपासून दोन हातांवर विटांच्या आधाराने उभा करा, व्हिडिओ चालू करा आणि घरात निघून जा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओतून पाच चांगले क्षण निघतात. तरी हात शिवशिवत असतीलच तर लेन्स न बदलणारा, मोठ्या झूमचा जुना कॅमेरा बघा. निकॉनचा पी ९०० हा ८३ पट झूमवाला कॅमेरा वापरलेला मिळतो, पहिली दोन-तीन वर्षं तो पुरतो. अंधुक उजेडात मात्र त्याच्याकडून अपेक्षा नको. मोठ्या लेन्सा खांद्याला दुखतात आणि घरात भांडणं लावतात.

प्रश्न : लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पुसलं तर जात नाही. (एक वाचक, दापोली)

उत्तर : बुरशी. कोकणातल्या पावसाळ्याची देणगी. आत आहे म्हणजे बाहेरून पुसून जाणार नाही, दुरुस्तीवाल्याकडे लवकर द्या, भिंगावरचा थर खाल्ला गेला की काही उपयोग नाही. लेन्स चामड्याच्या बॅगेत ठेवत असाल तर आजपासून बंद करा, बुरशीला चामडं फार आवडतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या ओलावल्या की तापवून वाळवा. आम्ही स्टुडिओच्या कपाटात पावसाळाभर झीरोचा बल्ब जळत ठेवायचो. तसं करायला हरकत नाही, फक्त बल्बला काही चिकटून ठेवू नका. आणि कॅमेरा बाहेर काढून वापरत राहा. उजेडात रोज फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवताना मूळ फाइल ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर दहा हात फिरून आलेल्या फोटोत पक्षी आहे की बटाटा ते मला ओळखता येत नाही, आणि गेल्या महिन्यात एक खरोखरच बटाटा निघाला.